नऊ घरांची एक रेल्वे

रेल्वे आणि आपला समाज यांचे नाते फार जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, तिचे कौतुक पाठ्यपुस्तकात आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला, त्याच्या इंजिनिअर साहेबांची नावेही इतिहासात आहेत. परंतु घाटात सुरुंगाची भोके पाडली कोणी, खडी फोडली कोणी, स्लीपर खांद्यावर वाहिले कोणी आणि पटकीच्या साथीत त्या डोंगरात हजारोंनी मेले कोण, त्यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत. आपल्यापैकी कितीतरी घरांत आजोबा किंवा पणजोबा गँगमन होते, खलाशी होते, कोळसा उपसणारे होते. नातवंडांना मात्र त्यांच्या हातातला हातोडा कसा होता हेही ठाऊक नाही.

हे सर्व आज सांगण्याचे कारण थोडे वेगळे आहे. आजचा विषय आहे छोटी रेल्वे, म्हणजे खऱ्या गाडीच्या मापाबरहुकूम लहान केलेली, खऱ्यासारखी धावणारी प्रतिकृती. पुष्कळांना वाटेल, हे श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे. त्याचा आपल्या वस्तीशी, आपल्या विहाराशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. कारण या छंदात एक अशी पद्धत निघाली आहे की ज्याच्याकडे जागा नाही आणि एकट्याची ऐपतही नाही, त्यालाच ती सर्वात जास्त उपयोगी पडेल.

खोली दहा बाय दहा, गाडी दहा फूट

आधी थोडे गणित करू. या छंदात जगभर जास्त चालणारे एक माप आहे, त्याला एचओ म्हणतात. यात खरी वस्तू ८७ पट लहान केलेली असते. दुसरे माप एन, ते १६० पट लहान. एचओच्या दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर, एनचे ९ मिलिमीटर.

आता आपली बारा डब्यांची विरार लोकल घ्या. ती अडीचशे मीटरहून अधिक लांब असते. तिला ८७ ने भागले की उत्तर येते जवळजवळ ३ मीटर, म्हणजे दहा फूट. भायंदर पूर्वेला नवघर, गोडदेव, खारीगाव या भागांत आपली किती कुटुंबे दहा बाय दहाच्या खोलीत राहतात! त्या खोलीत ही लोकल एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नुसती उभी राहील, पुढे सरकायला तिला जागाच नाही. गोल फिरवायची म्हटले तर एचओच्या अगदी आखूड वळणाचीही त्रिज्या दीड फूट असते. म्हणजे फक्त वळणासाठी साडेतीन फूट रुंदीचे टेबल हवे. मग आईने स्वयंपाक कुठे करायचा आणि मुलांनी झोपायचे कुठे?

बोरीबंदर ते ठाणे हा पहिला मार्ग या मापात मांडायचा म्हटले तर ३९० मीटर रूळ लागेल. तेवढी जागा श्रीमंताच्या बंगल्यातही नाही. म्हणजे एकट्याने रेल्वे उभी करणे कोणालाच पुरते जमत नाही. गरिबाला ते लवकर कळते आणि श्रीमंताला उशिरा, एवढाच फरक.

पुण्याचा अनुभव

आपल्या महाराष्ट्रात या छंदाचे मोठे काम पुण्यात झाले. दिवंगत भाऊ जोशी यांनी कोथरूडला छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभारले. ते १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. गाड्या, सिग्नल, पूल, शहर असा सगळा देखावा तिथे एका जागी चालताना दिसतो. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे.

त्याआधी भाऊंनी जोडून मांडायचा आणि सोडून न्यायचा असा फिरता देखावा करून त्याची प्रदर्शने भरवली होती. परंतु एवढा पसारा उचलायचा, वाहनात घालायचा, दुसरीकडे पुन्हा जुळवायचा, हे काम फार जिकिरीचे ठरले आणि त्यातून कायमच्या जागेचा विचार पुढे आला. ज्यांना अशी जागा मिळाली त्यांचे काम टिकले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्यांना कायमची जागा मिळणारच नाही, त्यांनी काय करावे? याचे उत्तर परदेशातल्या छंदकरांनी शोधून काढले आहे.

फळी ज्याची त्याची, टोक सर्वांचे

१९७३-७४ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातील काही मंडळींनी असे ठरवले की प्रत्येकाने आपल्या घरी रेल्वेचा फक्त एक तुकडा बनवायचा. तो चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशा फळीवर. फळीवर काय दाखवायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. शेत दाखवा, कारखाना दाखवा, समुद्र दाखवा. परंतु फळीच्या दोन्ही टोकांना रूळ कुठे यावा, जमिनीपासून किती उंचीवर यावा आणि वायर कुठल्या रंगाची कुठे लागावी, हे सर्वांचे एकच राहील. मग कुठल्याही गावची फळी कुठल्याही फळीला जोडता येईल. या पद्धतीला एन-ट्रॅक म्हणतात आणि अशा फळीला मॉड्यूल. आपण तिला साधी फळीच म्हणू.

१९८१ मध्ये जर्मनीत फ्रेमो नावाची संघटना निघाली. वेगवेगळ्या देशांतील सभासद आपापल्या फळ्या घेऊन एका मोठ्या सभागृहात जमतात आणि तिथे एकेरी मार्गाची लांबलचक रेल्वे उभी करून खऱ्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतात. २००१ च्या सुमारास ली मोनॅको-फिट्झगेराल्ड या बाईंनी जपानमधील टेबलावरची मांडणी पाहून टी-ट्रॅक ही आणखी सोपी रीत प्रचारात आणली. तिच्यातली एकेरी पेटी फक्त ३०८ मिलिमीटर लांब, म्हणजे एका फुटाएवढी. शाळेच्या दप्तराशेजारी ठेवावी एवढीच. टेबलावर ठेवायची, रुळाला रूळ लावायचा, झाले काम.

या सगळ्यांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. मध्ये प्रत्येकाला पूर्ण स्वातंत्र्य, आणि टोकाला सर्वांना एकच नियम. नियम मोडला तर गाडी सांध्यावर घसरते. तिथे कोणाचा वशिला चालत नाही.

मनमाडचा धडा

टोके जुळली नाहीत तर काय होते, हे पाहायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. आपले मनमाड त्याचे उदाहरण आहे. मुंबईहून येणारी जी.आय.पी.ची गाडी ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीच्या रुळांची. निजामाच्या राज्यातून येणारी गाडी मीटरगेज, म्हणजे १००० मिलिमीटरची. दोन्ही गाड्या एकाच स्टेशनात, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढणार नाही. त्यामुळे प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवायचे आणि दुसऱ्यात चढवायचे. १९९० च्या दशकात ती मीटरगेज बदलून ब्रॉडगेज होईपर्यंत हे चालले. कागदावर दोन मापे ठरवणाऱ्यांना त्याचा भार वाटला नाही. तो भार हमालांच्या पाठीवर पडला.

याच मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. कामगारांचे शत्रू ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन आहेत, हे बाबासाहेबांनी तिथेच स्पष्टपणे मांडले. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील अस्पृश्य कामगाराची स्थिती उघडी केली. तो गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधे पोर्टरही करत नाहीत; कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तरच्या घरची कामे करून घेतली जातात आणि मास्तरच्या घरात याला प्रवेश नाही. रूळ त्याने घट्ट करायचा, गाडी त्याच्या भरवशावर धावायची, पण त्याने मात्र रुळावरून कधी वर यायचे नाही.

ही गोष्ट मनात ठेवूनच आपल्या छोट्या रेल्वेचा विचार केला पाहिजे. नाहीतर ते नुसते खेळणे राहील.

एका प्लायवूडमधून नऊ फळ्या

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. विहारातील किंवा चाळीतील नऊ घरे एकत्र आली तर हे काम सुरू होते. नऊच का, तर प्लायवूडचा पूर्ण ताव ८ फूट बाय ४ फुटांचा असतो. त्याचे लांबीत तीन आणि रुंदीत तीन भाग केले की २ फूट ८ इंच लांब आणि १ फूट ४ इंच रुंद अशा बरोबर नऊ फळ्या निघतात. करवतीच्या पात्यात जाणारा भाग सर्व फळ्यांना सारखाच वाटून द्यावा. वाया काही जात नाही. ही फळी पलंगाखाली सरकते, रिक्षात बसते आणि बारा वर्षांचे मूल ती उचलू शकते. नऊ फळ्या जोडल्या की २४ फुटांची रेल्वे होते. विहाराच्या एका भिंतीला ती आरामात मावते.

वरची फळी ६ मिलिमीटर प्लायची चालते. खाली चारही बाजूंनी १२ मिलिमीटर प्लायच्या चार इंची पट्ट्यांची चौकट करावी आणि मध्ये एक आडवी पट्टी द्यावी. फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही वापरावे, नुसत्या खिळ्यांवर विसंबू नये. आपल्या भायंदरची हवा खाडीची, दमट आणि खारट. फळीला वरून रंग दिला आणि खालून कोरी ठेवली तर पहिल्याच पावसाळ्यात ती पीळ खाते. म्हणून रंगाचा हात दोन्ही बाजूंनी द्यायचा.

सर्वात महत्त्वाची वस्तू म्हणजे फर्मा. आपल्याकडे भायंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. तिथे काम करणाऱ्या बांधवांना फर्मा म्हणजे काय हे सांगायला नको. पत्र्याचा किंवा जाड प्लायचा एकच फर्मा करायचा आणि त्यावर तीन गोष्टी कायमच्या ठरवायच्या. रुळाचा मध्य समोरच्या कडेपासून पाच इंचांवर. बोल्टची दोन भोके ठरलेल्या अंतरावर. फळीच्या वरच्या पृष्ठापासून भोकांची खोली. नऊही फळ्यांची टोके याच एका फर्म्याने आखायची. पट्टीने पुन्हा पुन्हा मोजले की दर वेळी केसभर फरक पडतो आणि नवव्या फळीपर्यंत तो बोटभर होतो.

भोक १० मिलिमीटरचे आणि बोल्ट ८ मिलिमीटरचा घ्यावा. ही मोकळीक मुद्दाम ठेवायची. आधी बोल्ट सैल लावायचा, रुळाला रूळ बरोबर जुळवायचा आणि मग हाताने फिरणारा पंखाचा नट घट्ट करायचा. गाडी रुळावरून धावते, फळीच्या कडेवरून नव्हे. म्हणून जुळणी रुळाची पाहायची.

पायांची उंची मुलांना पाहता येईल अशी, अडीच फुटांच्या आसपास ठेवावी. प्रत्येक पायाच्या तळाला फिरवता येणारा बोल्ट लावावा, म्हणजे फरशी वरखाली असली तरी लेव्हल साधते. लेव्हल कशी काढायची यासाठी पुस्तक शोधू नका. आपल्यात गवंडीकाम करणारे बांधव आहेत. पाण्याची नळी धरून दोन टोकांची उंची एक कशी करतात, हे ते पोरांना पाच मिनिटांत दाखवतील. भौतिकशास्त्राचा हा धडा शाळेत तास घेऊनही असा उतरत नाही.

रूळ, सांधा आणि वीज

रूळ स्लीपरसकट तयार तुकड्यांत मिळतात. एचओचे १६.५ मिलिमीटर हे अंतर खरे तर परदेशातील १४३५ मिलिमीटरच्या रुळाचे ८७ वा भाग आहे. आपली ब्रॉडगेज त्याहून रुंद, तिचा ८७ वा भाग १९ मिलिमीटरच्या थोडा पुढे जातो. म्हणजे भारतीय गाडी या रुळावर चालवताना चाकांपुरती तडजोड होते. बहुतेक लोक ती मान्य करतात, कारण इंजिन, चाके आणि रूळ त्याच मापात सहज मिळतात. अमेरिकेत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या एन.एम.आर.ए. या संघटनेने चाकांची आणि रुळांची मापे ठरवून दिली. त्यामुळेच एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळावर चालू लागला.

प्रत्येक फळीवर रूळ टोकाच्या दोन इंच अलीकडे थांबवायचा. दोन फळ्या जोडल्या की मध्ये चार इंचांची फट राहते. तिथे चार इंचांचा सुटा रूळ बसवायचा. रुळाच्या टोकावरची छोटी फिशप्लेट आधी पूर्ण मागे सरकवायची, सुटा तुकडा ठेवायचा आणि मग ती अर्धी पुढे आणायची. टोकाजवळचे सहा इंच रूळ अगदी सरळ, सपाट आणि टोकाशी काटकोनात हवेत. वळण किंवा चढ द्यायचा तो आत द्या. सांध्यावर चढ किंवा वळण आले की तिथेच गाडी घसरते.

वीज १२ व्होल्ट डी.सी. लागते. समोरच्या रुळाला लाल वायर, मागच्या रुळाला काळी, हा नियम नऊही फळ्यांना सारखा. प्रत्येक फळीखालून दोन जाड वायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायच्या, त्यांच्यापासून बारीक वायर रुळाला डाग देऊन जोडायची आणि टोकांना एकाच प्रकारचे प्लग लावायचे. फिशप्लेटमधून वीज जाईल या भरवशावर राहू नये. धूळ बसली की ती जात नाही. घरातली २३० व्होल्टची वायर फळीखाली कधीही आणायची नाही. ती भिंतीजवळच्या अॅडॅप्टरपाशी संपली पाहिजे, आणि तो अॅडॅप्टर मोठ्या माणसाच्या ताब्यात असला पाहिजे. डाग देण्याचे कामही मोठ्यांच्या देखरेखीखालीच व्हावे. रूळ स्टीलचे घेतले तर खाडीच्या हवेत गंजतात. निकेल सिल्व्हरचे गंजत नाहीत, फक्त काळवंडतात. ते साध्या खोडरबराने स्वच्छ होतात.

नेताना दोन फळ्या समोरासमोर धरून त्यांच्या टोकांना एक-एक उभी पट्टी लावावी. पेटीसारखा आकार होतो आणि आतली घरे-झाडे मोडत नाहीत.

फळीवर काय दाखवायचे?

आता खरा प्रश्न येतो. परदेशी पुस्तकांतील चित्रे पाहून आपण बर्फाचे डोंगर आणि कौलारू चर्च दाखवायचे का? ज्यांना दाखवायचे त्यांनी जरूर दाखवावे. परंतु माझी सूचना अशी की आपल्या नऊ फळ्यांवर आपला इतिहास यावा. त्याची एक आखणी इथे देतो.

पहिल्या दोन फळ्या दादरच्या. ६ डिसेंबरला देशभरातून येणारी माणसे, नागपूरकडून येणारी अनारक्षित विशेष गाडी, हातात मेणबत्ती आणि पुस्तकांची पिशवी घेऊन चैत्यभूमीकडे निघालेली रांग. पुढची एक फळी आपल्या भायंदरची. खाडी, तिच्यावरचा पूल, पलीकडे पाणजू बेट, तिवरे आणि मिठागरांचे पांढरे चौकोन. मधल्या तीन फळ्या मनमाडच्या. इथे दोन गाड्यांची क्रॉसिंग होईल एवढी दुसरी लाईन द्यायची. इंजिन आणि तीन डबे मिळून गाडी १ मीटरच्या आसपास होते, म्हणून तीन फळ्या लागतात. या तीन फळ्यांची आतली टोके कशीही असोत, बाहेरची दोन फर्म्याप्रमाणे हवीत. मनमाडच्या फळीवर १९३८ च्या परिषदेचा मंडप उभारावा.

त्यापुढची एक फळी मसूरची. १९०१ मध्ये बाल भीमराव आपले भाऊ आणि भाचे यांच्यासह वडिलांना भेटायला निघाले आणि सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. चांगले कपडे घातलेली मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला, आणि जात कळताच मागे सरला. गाडीवाले भाडे दुप्पट द्या म्हटले तरी त्यांना नेईनात. शेवटी मुलांनी स्वतः बैलगाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. वाटेत पिण्याला पाणी मिळाले नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या फळीवर फार काही लागत नाही. एक छोटे स्टेशन, बाहेर एक बैलगाडी आणि सामानावर बसलेली मुले. पाहणारा विचारील, ही मुले इथे का बसली आहेत? त्याला आपल्या मुलीने किंवा मुलाने उत्तर द्यावे. भाषण पाठ करून म्हणण्यापेक्षा हे उत्तर अधिक खोल जाईल.

शेवटच्या दोन फळ्या नागपूरच्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी पांढऱ्या वस्त्रांत दीक्षाभूमीकडे निघालेला जनसागर.

हा मार्ग रेल्वेच्या नकाशात सापडणार नाही. मसूर आणि भायंदर एका लाईनवर नाहीत. परंतु आपल्या समाजाच्या आठवणीत ही सर्व स्टेशने एकाच मार्गावर आहेत. आणि एक अट सर्व फळ्यांना असावी. प्रत्येक फळीवर कुठेतरी एक गँगमन दिसलाच पाहिजे, हातात हातोडा किंवा फावडे घेतलेला. छोट्या रेल्वेच्या देखाव्यात इंजिन असते, स्टेशन असते, साहेब असतो. आपला आजोबा बहुधा नसतो. तो आपणच उभा केला पाहिजे.

साहित्यासाठी बाजारात फार जावे लागत नाही. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, त्याची आठवण ठेवावी. जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा आणि फेव्हिकॉल यांचा उत्तम डोंगर होतो. चहाचा चोथा वाळवून माती होते, रंगवलेला लाकडाचा भुसा गवत होतो, भांड्यांच्या जुन्या घासणीची झाडे होतात. पुलाच्या तुळया पत्र्याच्या कातरणीच्या करता येतात, मात्र तिच्या धारा मोठ्यांनी आधी कानशीने मोडून द्याव्यात. डबे पुठ्ठ्याचे करावेत आणि चाके तेवढी विकत घ्यावीत.

खर्चाचा आणि मालकीचा हिशोब

सामाईक कामे बुडतात ती बहुतेक हिशोबामुळे, हे मंडळांच्या वह्या पाहणाऱ्या कारकुनाला सांगावे लागत नाही. म्हणून सुरुवातीलाच दोन खाती करावीत. फळी, तिच्यावरचा रूळ आणि देखावा हे ज्या त्या घराचे. प्लायचा ताव, फर्मा, अॅडॅप्टर, सुटे रूळ, एक इंजिन आणि चाकांचे जोड हे वर्गणीतून, मालकी विहाराची. पावत्या चिकटवलेली एक वही, आणि दर महिन्याला तिचे जाहीर वाचन. इंजिन ही सर्वात महाग वस्तू आहे, पण नऊ घरांत एकच लागते. एकट्याला जे परवडत नाही ते नवव्या हिश्श्याने परवडते.

आपली माणसे मुंबईतून सरकत सरकत मीरा रोड, भायंदर, नालासोपारा अशी पुढे आली. भाड्याची घरे बदलतात, एखादे कुटुंब दुसरीकडे जाते. गेले तर त्याने आपली फळी बरोबर न्यावी. तिथल्या विहारात हाच फर्मा चालत असेल तर ती फळी तिथेही जोडली जाईल. वसईच्या नऊ आणि भायंदरच्या नऊ फळ्या जयंतीला एकत्र आल्या तर ४८ फुटांची रेल्वे होईल, आणि त्यासाठी नवीन काहीही करावे लागणार नाही.

कोणी गँगमन राहणार नाही

शेवटची गोष्ट गाडी चालवण्याची. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून खऱ्या रेल्वेत टोकन देतात. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी लोखंडी गोळ्याचे टोकन होते. ज्याच्याकडे गोळा, त्याचीच गाडी पुढच्या स्टेशनपर्यंत जाणार. मुलांनी रबरी चेंडू टोकन म्हणून वापरावा. दादरच्या मुलीने मनमाडच्या मुलाला विचारायचे, लाईन क्लिअर आहे का? त्याने हो म्हटले आणि चेंडू हातात आला की मगच गाडी सोडायची. दोन वेळापत्रके जुळवताना मुलांचे गणित, संयम आणि परस्परांवरचा विश्वास या तिन्हींची परीक्षा होते.

आणि इथे आपला एक नियम असावा. स्टेशनमास्तर, ड्रायव्हर, गार्ड, पॉइंट्समन आणि गँगमन ही पाच कामे. दर अर्ध्या तासाने कामे बदलायची. गँगमनने गाडी येण्याआधी सर्व सांधे बोटाने तपासायचे, रूळ पुसायचे आणि तो ठीक म्हणेपर्यंत मास्तरनेही गाडी सोडायची नाही. पुढच्या अर्ध्या तासात तोच मास्तर होईल आणि मास्तर गँगमन होईल. मुलींनी फक्त झाडे रंगवायची आणि मुलांनी इंजिन चालवायचे, असली वाटणी विहारात चालू देऊ नये. मनमाडला बाबासाहेबांनी जी तक्रार जगापुढे मांडली, तिचे उत्तर आपल्या मुलांच्या खेळात तरी दिसू द्या.

काही पालक म्हणतील, अभ्यास बुडेल. फर्मा आखताना भूमिती, वायर जोडताना विज्ञान, माप लहान करताना गुणोत्तर, फळी सजवताना इतिहास, वही लिहिताना हिशोब. यातला कुठला विषय अभ्यासाबाहेरचा आहे? उद्या आयटीआयला किंवा रेल्वेच्या भरतीला बसणारा मुलगा रुळाचा सांधा, पॉइंट आणि टोकन हे शब्द आधी हाताने शिकलेला असेल.

दिवाळीनंतर पावसाचा ओलावा गेलेला असतो, तेव्हा प्लाय कापावे. फेब्रुवारीपर्यंत फळ्या फर्म्याला लावून तपासून घ्याव्यात, आणि विहाराच्या अध्यक्षांच्या घरची फळी असली तरी ती जुळली नाही तर परत पाठवावी. १४ एप्रिलला नऊ फळ्या एका ओळीत लागाव्यात. जयंतीच्या देखाव्यासाठी आपण दरवर्षी पुष्कळ खर्च करतो आणि दुसऱ्या दिवशी तो मोडून टाकतो. हा देखावा मोडावा लागत नाही. चार नट सैल केले की ज्याचा त्याचा भाग ज्याच्या त्याच्या पलंगाखाली जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा जुळतो. ज्या विहारांना हे करावेसे वाटते त्यांनी येत्या रविवारच्या वंदनेनंतर घरे मोजून पाहावीत. नऊ भरली की कामाला लागावे.

जयभीम!